बारावीला बॅनर लागला होता, कॉलेजात कोणाला नाव पण माहीत नाही

हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, साधारण पहिल्या सेमिस्टरचा निकाल आणि गॅदरिंग दोन्ही होऊन गेलं की. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाभा तोच. "मॅडम, मुलगी हुशार आहे, बारावीपर्यंत सगळीकडे नाव असायचं, आता कॉलेजात तिला कोण विचारतच नाही, घरी गप्प बसते, म्हणते शिकून काय उपयोग, काय करू?" सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बाबा तिला बाय म्हणायचे, आपणही बायच म्हणू.

बाय गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढचं गाव. प्रायमरी मराठीतून, पाचवीपासून सगळं इंग्लिश, घरी बोलणं कोंकणी, म्हणजे आपल्याकडच्या हजारो मुलांसारखंच. बारावीला आर्ट्समध्ये तालुक्यात चांगले मार्क, मग काय, तिठ्यावर बॅनर, पंचांच्या हस्ते गुणगौरव, शाल, ट्रॉफी, देवळाच्या मंडपात आणखी एकदा ट्रॉफी. आणि जूनमध्ये पणजीच्या बाजूला कॉलेजात ॲडमिशन. तिथे वर्गात सत्तरेक मुलं आणि त्यातली निम्मीअधिक आपापल्या गावात अशीच ट्रॉफी घेऊन आलेली.

ह्याच्यावर खूप संशोधन झालंय बरं का, हर्बर्ट मार्श नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, १९८४ पासून ते हेच मांडतायत की तेवढ्याच हुशारीचं मूल जास्त हुशार मुलांच्या घोळक्यात गेलं की त्याचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं, हुशारी कमी झालेली नसते, शेजारी बदललेले असतात. बायला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते कळतं मॅडम, पण सर मला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारतात." दोन सेमिस्टर झाल्यावरसुद्धा! खरी ठसठस तिथे होती आणि घरी तिने हे सांगितलेलंच नव्हतं. घरी फक्त "काय नाय, बरंय."

मी तिला तिचा दिवस तासातासाने सांगायला लावला (हे मी बहुतेक सगळ्यांना सांगायला लावते, भावना विचारल्या की मुलं गप्प होतात, टायमटेबल विचारलं की बोलतात). सकाळी सातच्या आधी बस, लेक्चर दीडपर्यंत, मग धावत कदंबच्या (सरकारी बसच्या) स्टँडवर, कारण ती एक बस चुकली की वाळपईला पोचल्यावर पुढे गावाला जायला काही नाही. शाळेला निदान बालरथ, म्हणजे शाळेची बस, होता. आता बघा, कॉलेजात जे जे दिसतं ते सगळं दोननंतर असतं. नाटकाची तालीम, फुगडीची प्रॅक्टिस, विद्यार्थी कौन्सिलची मीटिंग, डिपार्टमेंटच्या इव्हेंटची तयारी, आणि कँटीनमधल्या गप्पा तर त्याहून महत्त्वाच्या, ग्रुप तिथेच बनतात. बाय तेव्हा वाटेतल्या साखळी गावाच्या आसपास खिडकीला डोकं टेकून झोपलेली. गॅदरिंगला "बेस्ट स्टुडंट" कोणाला मिळालं तर जो निवेदन करतो, कौन्सिलवर आहे, खेळतो त्याला. तो मुलगा लायक असेलच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण हे बक्षीस जे दिसलं त्याला मिळतं आणि दिसायला दुपारी थांबावं लागतं. ह्यात बायच्या स्वभावाचा दोष किती आणि बसच्या वेळेचा किती, हे कोणी तिला वेगळं करून दाखवलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, जरा कॉन्फिडन्स वाढव. कॉन्फिडन्स वाढला म्हणून बस उशिरा सुटणार आहे का?

मग आम्ही कागदावर तीन गोष्टी वेगळ्या केल्या. मार्क वेगळे. तिचा सीजीपीए साडेआठच्या वर होता, वर्गात तिसरी-चौथी, आणि कॉलेज सत्कार फक्त पहिल्या नंबरचा करतं, त्यामुळे तिचे मार्क कोणाला दिसले नाहीत, पण ते कुठे गेलेले नाहीत. गोव्यात २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आलाय, त्यात तीन वर्षांच्या डिग्रीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०, आणि हे क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, तिच्या नावावर जमा होतात, टाळ्या वाजल्या काय नि नाही वाजल्या काय. दुसरी गोष्ट बक्षिसं, ती कमिटी देते. आणि तिसरी म्हणजे कोणीतरी आपल्याला नावाने ओळखणं. बायला हवी होती तिसरी, ती मरमर करत होती पहिलीसाठी, आणि बाबांना हवी होती दुसरी, स्टेटसला टाकायला फोटो. तिघांचा गोंधळ एकाच मुलीच्या डोक्यात.

सरांचीही बाजू आहे, सांगून टाकते. आपल्याकडे कॉलेजात बरेच शिक्षक लेक्चर बेसिसवर किंवा कॉन्ट्रॅक्टवर असतात, वर्ष संपलं की दुसऱ्या कॉलेजात, हातात चार-पाच वर्ग, मागच्या बाकावरून कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीचं नाव लक्षात राहील कसं? त्यामुळे मी तिला सांगितलं की सरांनी ओळखायची वाट नको बघू, आयएसएचा, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचा, पेपर मिळाला की तो घेऊन जा आणि मार्क कमी का असं न विचारता "सर, ह्यावर पुढे काय वाचू?" एवढंच विचार. हे एक वाक्य इंग्लिशमध्ये बोलायला तिला इतका घाम फुटला की आधी माझ्यासमोर कोंकणीत म्हटलं, मग इंग्लिशमध्ये, मग परत. पहिल्यांदा गेली तेव्हा सर घाईत होते, नंतर ये म्हणाले. आठवडाभर परत गेलीच नाही. मग गेली.

विषय इतिहास होता आणि असाइनमेंट स्थानिक इतिहासावर द्यायची होती. बायने घेतलं दीपाजी राण्यांचं पोर्तुगीजांविरुद्धचं १८५२ चं बंड, नाणूसच्या किल्ल्याचं. नाणूस तिच्या गावापासून जवळ, आजीकडून राण्यांच्या गोष्टी ऐकलेल्या, कुठली वाट कुठे जाते ते पाठ. बाकीच्यांनी नेटवरून उतरवलं आणि हिने आजी जे सांगते आणि पुस्तकात जे आहे ते कुठे जुळतं नि कुठे जुळत नाही असं मांडलं. प्रेझेंटेशन अडखळतच झालं, मध्ये दोनदा कोंकणीत घसरली, वर्ग हसला पण. पण सरांनी पंधरा मिनिटं प्रश्न विचारले, आणि नंतर डिपार्टमेंटची ट्रिप नाणूसला न्यायचं ठरलं तेव्हा वाट दाखवायला तिलाच पुढे केलं. त्या दिवशी बस बाकीच्यांना पकडायची होती.

सगळ्यांच्या गावाजवळ किल्ला नसतो, मान्य. पण बसने येणाऱ्या मुलांना मी एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आवर्जून सुचवते, वर्षाचे १२० तास असतात, बरंच काम सुट्टीच्या दिवशी आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, तिथे बसची भानगडच नाही, रात्री जेवणं वाढताना जी ओळख होते ती कँटीनवाल्यांना वर्षभरात होत नाही. बायने दुसऱ्या वर्षाला घेतलं. आणि तालमीच्या वेळेबद्दल तिने नि आणखी दोघी बसवाल्या मुलींनी कौन्सिलला पत्र दिलं, एक दिवस तरी मधल्या सुट्टीत घ्या म्हणून. अर्धंमुर्धं ऐकलं त्यांनी.

बाबांशी वेगळं बोलले. माणूस चांगला, पण रोज संध्याकाळी पहिला प्रश्न "आज काय झालं, कितवी आलीस?" आणि दुसऱ्या वाक्यात पणजीच्या चुलतभावाचं नाव. मी म्हटलं, काका, महिनाभर नंबर आणि भाऊ दोन्ही बंद, त्याऐवजी कोणाबरोबर डबा खाल्लास ते विचारा. ते जरा रागावलेच, "डब्याने नोकरी लागते काय?" पण विचारायला लागले.

पालकांनी एक मात्र लक्षात ठेवा. मूल नाराज असणं वेगळं आणि झोप-जेवण बिघडणं, कॉलेजला जायचंच टाळणं, "मी नसले तरी कोणाला काय फरक पडतो" असं बोलणं वेगळं. असं असेल तर सत्कार, नंबर वगैरे बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. बायच्या बाबतीत हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं, तिचं तिथपर्यंत गेलेलं नव्हतं.

बेस्ट स्टुडंट तिला नंतरही मिळालं नाही. सध्या घरात वाद वेगळाच आहे. चौथ्या वर्षी रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, ते तिच्याकडे होतील असं दिसतंय, सर म्हणतायत कर, बाबा म्हणतात तीन वर्षांत बाहेर पड आणि बीएड घे. ह्यावेळी ती माझ्याकडे आली ती दोन्हीचे फायदे-तोटे वहीत लिहूनच, आणि बाबांना बाहेर बसवून.