परीक्षा, मोह आणि दोष काढणे

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत काही जण 'आम्हांला परीक्षेत आणू नको' असे म्हणतात, तर काही जण 'मोहात पडू देऊ नको' असे म्हणतात; यांतले योग्य कोणते? आणि मराठी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात 'दोष काढू नका' असे छापलेले असताना बोलण्यात 'न्याय करू नका' असे का येते?

पहिल्या प्रश्नाचे मूळ नव्या कराराच्या मूळ भाषेतल्या, म्हणजे ग्रीकमधल्या शब्दातच आहे. 'पेइरास्मोस' या एकाच शब्दात पारखणे आणि पापाकडे ओढणे हे दोन्ही अर्थ सामावतात. मराठीला मात्र एकाची निवड करावी लागते. परीक्षा पाहणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही; बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात देव अब्राहामाची परीक्षा पाहतो, त्याला मोहात पाडत नाही. 'मोह' हा शब्द 'मुह्' या संस्कृत धातूपासून, म्हणजे भान हरपण्याच्या अर्थातून आला असून षड्रिपूंमुळे तो आपल्या मनात आतल्या शत्रूचे नाव म्हणूनच रुजला आहे. त्यामुळे याकोबाच्या पत्रात (1:13-14), जिथे देव कोणाला पापाकडे ओढत नाही, माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो असे सांगितले आहे, तिथे 'मोह' हाच शब्द अगदी चपखल बसतो.

प्रार्थनेत मात्र मी 'परीक्षा' या शब्दाच्या बाजूने आहे. देव स्वतः माणसाला पापात लोटतो असा समज होऊ नये, ही 'पडू देऊ नको' म्हणणाऱ्यांची काळजी रास्त आहे. याच कारणासाठी 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इटालियन प्रार्थनेतल्या या ओळीतल्या बदलाला मान्यता दिली. पण 'मोह' म्हटले की आपल्याला पैसा, सत्ता, देहसुख एवढेच आठवते आणि भीती, छळ, दीर्घ आजार यांपायी खचणारी श्रद्धा त्या शब्दाबाहेर राहते. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना परीक्षेत पडू नये म्हणून जागे राहून प्रार्थना करायला सांगितले, आणि त्याच रात्री त्या शिष्यांपैकी पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत येशूला तीनदा नाकारले. पेत्र भ्याला होता. त्याला मोह झाला असे मराठीत कोणी म्हणणार नाही. परीक्षेत मात्र तो नक्कीच पडला.

'मोह' वापरायचाच असेल, तर त्याच्या क्रियापदांकडे लक्ष द्यावे. मोह होणे वेगळे आणि मोहात पडणे वेगळे. ज्याच्या मनात नुसता विचार येऊन गेला, तो स्वतःला पतित समजून कुढत बसतो, तेव्हा त्याला हा भेद सांगणे फार गरजेचे असते. मोह आवरता येतो, टाळता येतो. मोहाला बळी पडणे ही पुढची पायरी आहे. इब्री लोकांस पत्रात (4:15) येशू आपल्यासारखाच सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे म्हटले आहे ते याच अर्थाने.

दुसऱ्या प्रश्नात मला छापील शब्दच अधिक अचूक वाटतो. ग्रीक 'क्रिनो' म्हणजे निवाडा करणे, म्हणून 'न्याय करू नका' हे शब्दशः चूक नाही; परंतु मराठीत 'न्याय' हा चांगुलपणाचा शब्द आहे. आपण न्याय मागतो, अन्यायाविरुद्ध उभे राहतो, अभिनेता भूमिकेला न्याय देतो. अशा भाषेत 'न्याय करू नका' ही आज्ञा ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. 'जज करू नका' हे अलीकडचे वळणही अपुरेच आहे, कारण त्यातून बरेवाईट ओळखूच नये असा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखायला सांगितले आहे.

'दोष काढणे' यात खोड नेमकी पकडली जाते. दोष दाखवणारा हितचिंतक असू शकतो. दोष काढणारा सहसा तो उकरून काढून चारचौघांत मांडणारा असतो. मराठी पाठात या क्रियापदामुळे एक सुंदर गोष्ट साधली आहे. पहिल्या वचनात दोष 'काढू' नका असे आहे, आणि पाचव्या वचनात आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे आहे. क्रियापद एकच, पण दोष काढणारा बोट दाखवून थांबतो, तर कुसळ काढणाऱ्याला जवळ जावे लागते, हात स्थिर ठेवावा लागतो आणि तो डोळा दुखू नये याची काळजी घ्यावी लागते. भावाच्या चुकीकडे डोळेझाक करा असे येशू म्हणत नाही. क्रम बदला असे म्हणतो.

वाचकाचे दोन्ही प्रश्न पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (6:1) एकाच वाक्यात भेटतात: अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि तूही परीक्षेत पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष दे. दुसऱ्याला सावरायला गेलेल्यालाच इथे परीक्षेचा इशारा दिला आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या घडीला आपण वरचढ आहोत असे वाटणे, चुकलेल्याची गोष्ट आणखी कोणाच्या कानावर घालावीशी वाटणे, यासाठी आपण सहज 'सांगण्याचा मोह आवरला नाही' असे म्हणून जातो, आणि तिथे तो शब्द अक्षरशः खरा असतो.