रविवारच्या कॉलवर ग्रहण, ढग आणि चिमणी

प्रश्न : आम्ही दोघं मूळचे सोलापूरचे, सध्या जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. दर रविवारी सासू-सासऱ्यांना व्हिडिओ कॉल असतो आणि वर्षभरात त्याचा आखाडा झालाय. सासरे (आम्ही अप्पा म्हणतो) म्हणतात, विमानं आणून ढग पळवले म्हणून आपल्याकडं पाऊस पडत नाही. माझा नवरा म्हणतो, कृत्रिम पाऊस हेच मुळात थोतांड. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या पाडलेल्या चिमणीवरून तर दोघांचा अबोला झाला होता. त्यात आता मला दिवस गेलेत. १२ ऑगस्ट २०२६ ला इथून सूर्यग्रहण दिसणार आहे, तेव्हा मला आठवा महिना असेल. सासूबाईंनी आत्तापासूनच बजावलंय, सुरी धरायची नाही, खायचं-प्यायचं नाही, खिडकीशी यायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. नवरा त्यांना इंग्रजी लेखांच्या लिंक पाठवतो, त्या उघडतही नाहीत. मुद्देसूद बोलून घरच्यांना काही पटवता येतं का? आणि बाळाच्या पत्रिकेसाठी जन्माची अचूक वेळ कळवा म्हणतायत, ती कळवावी का?

उत्तर : पटवता येतं. पण लिंक पाठवून नाही. इंग्रजी लेखाची लिंक आली की सोलापुरात बसलेल्या माणसाला एवढंच ऐकू येतं, की आम्ही शिकलोय, तुम्ही गप्प बसा. पोरगा परदेशात जाऊन शहाणा झाला ही सल तर असतेच, तिच्यावर मीठ पडतं.

माझ्या मते वाद पुराव्याअभावी अडत नाही. दोघांपैकी कुणीच आधी सांगितलेलं नसतं, की अमुक दिसलं तर मी माझं मत सोडीन. निकाल समोर आल्यावर ज्याला-त्याला आपल्या सोयीची पळवाट सापडते. म्हणून कसोटी आधी ठरवायची, दोघांनी मिळून, आणि पुरावा त्यानंतर काढायचा. तुमच्या घरातले सगळे वाद या एका गोष्टीवर येऊन थांबलेत.

ग्रहणाचं आधी बघू, कारण त्यात तुमची तब्येत आहे.

सासूबाईंना "असं काही नसतं" म्हणू नका. त्यांच्याजवळ पुरावा आहे. गल्लीतल्या कुणाच्या तरी बाळाचा ओठ त्यांनी फाटलेला पाहिलेला असतो आणि त्याची आई ग्रहणात बाहेर आली होती हे ऐकलेलं असतं. ते खोटं धरून बोलणं सुरू केलंत तर तिथंच संपलं. त्यापेक्षा पुढच्या रविवारी एक कोरा कागद घ्या आणि कॅमेऱ्यासमोर त्याचे चार खाने पाडा. पहिल्यात, ग्रहण पाळलं नाही आणि बाळाचा ओठ फाटला. दुसऱ्यात, पाळलं नाही आणि बाळ धडधाकट. तिसऱ्यात, ग्रहण कडक पाळलं, तरी ओठ फाटला. चौथ्यात, पाळलं आणि बाळ धडधाकट. मग सासूबाईंनाच भरायला सांगा : "आई, तुमच्या ओळखीतल्या बाळंतिणी आठवा आणि सांगा, मी लिहिते."

पहिला खाना लगेच भरेल. दुसऱ्यापाशी त्या थांबतील. ग्रहणात भाजी चिरूनही जिचं बाळ छान झालं, ती बाई कुणाच्या लक्षात राहणार? तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही. विडी वळायला बसलेल्या, मागावर काम करणाऱ्या, हातावर पोट असलेल्या किती बायकांनी आपल्याच सोलापुरात ग्रहणाच्या दिवशीही काम केलं असेल, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्या तोंडून ते येऊ द्या. चारही खाने भरल्याशिवाय कुणीच निकाल द्यायचा नाही एवढं कबूल करून घ्या, तुम्हीसुद्धा.

त्यानंतर वैद्यकातली माहिती सांगा, तीही थोडक्यात. पोटातल्या बाळाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. आठव्या महिन्यात ओठ केव्हाच तयार झालेला असतो, त्यामुळं त्या संध्याकाळी काहीही केलं तरी तो नव्यानं फाटू शकत नाही. हा दोष जगभर साधारण सातशे बाळांमागे एकाला असतो, ग्रहण असो वा नसो. त्यामागं अनुवंशिकता, गरोदरपणातलं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिटवरची काही औषधं अशी कारणं सापडली आहेत. आणि फाटलेला ओठ शस्त्रक्रियेनं नीट जोडता येतो, हेही त्यांना सांगा. ज्या आईला आयुष्यभर "तूच बाहेर पडलीस" असं ऐकवलं गेलं, तिच्यावर केवढा अन्याय झाला, हा विचार त्यांच्या मनात आपोआप येईल. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

एक सापळा टाळा. १२ ऑगस्टला ग्रहणाच्या वेळी आपल्याकडं रात्र असेल, सोलापुरातून काही दिसणार नाही. जिथं ग्रहण दिसत नाही तिथं ते पाळायचं नाही, हा पंचांगाचाच नियम आहे. म्हणून "आई, दिव्यांच्या अवसेला तुमच्याकडं ग्रहणच नाही, मग झालं की" असं म्हणायचा मोह होईल. म्हणू नका. जर्मनीत ते खंडग्रास का होईना, संध्याकाळी दिसणार आहे, म्हणजे त्यांच्या नियमानं तुम्हाला लागू आहे, आणि हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल. एक लंगडा मुद्दा पकडला गेला की तुमच्या चांगल्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

सासूबाईंचं माहेर करमाळ्याच्या बाजूला असेल किंवा तिकडं नातेवाईक असतील, तर त्यांना जेऊरची गोष्ट सांगा. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला पुण्याहून खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगामवाला आपली यंत्रं घेऊन जेऊरला आले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचीही छावणी तिथंच पडली होती. रेल्वेच्या ज्या जेऊर स्टेशनावर आपली माणसं उतरतात, त्या गावात जगातली ग्रहण मोजणारी माणसं येऊन राहिली. सूर्याच्या प्रभेचा, म्हणजे खग्रास ग्रहणात त्याच्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा अभ्यास आपल्या जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी झालाय. हे ऐकल्यावर विज्ञान म्हणजे सुनेनं परदेशातून पाठवलेली वस्तू राहत नाही.

आता प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं? तास-दोन तास सुरी न धरल्यानं तुमचं काही बिघडत नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी तेवढं करायचं असेल तर जरूर करा, फक्त स्पष्ट सांगून : "आई, मला यात तथ्य वाटत नाही, पण तुमच्या जिवाला घोर नको म्हणून नाही चिरणार." खाणं-पाणी मात्र सोडू नका. आठव्या महिन्यात, ऑगस्टच्या दिवसांत, तासन् तास पाण्याशिवाय राहणं चांगलं नाही, तिथं माया आडवी येऊ देऊ नका, आणि हे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवता आलं तर उत्तम. ग्रहण बघायचं असेल तर ग्रहणाचे प्रमाणित चष्मे लावूनच बघा. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं पाहिलं तर डोळ्याचा पडदा जळतो. ग्रहणाचा हा एकच धोका खरा आहे, तो सासूबाईंजवळ कबूल करा. तुम्ही एक मुद्दा त्यांच्या पदरात टाकलात की त्याही एखादा सोडतील.

आता ढग. इथं अप्पा आणि तुमचे यजमान दोघंही थोडे थोडे चुकलेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापुरातच केला. सह्याद्रीच्या आडोशाला पडणारा हा पर्जन्यछायेचा भाग, म्हणूनच तो निवडला. विमानानं ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या, म्हणजे ते कण ओलावा धरतात आणि थेंब मोठे होतात. प्रयोगाची खरी ताकद पुढं आहे. कोणत्या ढगात कण सोडायचे आणि कोणता तसाच ठेवायचा, हे कुणाच्या मर्जीवर ठेवलं नव्हतं, चिठ्ठी काढावी तसं, यदृच्छेनं ठरत होतं. त्यामुळं कण सोडलेले आणि न सोडलेले असे दोन गट तयार झाले आणि त्यांची तुलना करता आली. सासूबाईंच्या कागदावरचेच खाने आहेत हे, फक्त आकाशात मांडलेले. निकाल असा, की कण सोडलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्के जास्त पडला.

म्हणजे ढग पळाले नाहीत. आणि थोतांडही नाही. पण ढगच नसतील तर विमान काही करू शकत नाही, त्यामुळं दुष्काळावरचा उतारा म्हणूनही कुणी ते विकू नये.

अप्पा म्हणतील, "२०१८ ला विमान फिरलं आणि त्याच साली दुष्काळ पडला, मी डोळ्यानं बघितलंय." खरंच बघितलंय त्यांनी. त्या वर्षी राज्य सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला होता. पण विमान आलंच मुळी पाऊस कमी असलेल्या भागात. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात, म्हणून दवाखान्यानं आजार आणला असं आपण म्हणत नाही. हे सांगण्याआधी त्यांना एक प्रश्न मात्र विचारायला हवा : "अप्पा, काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की विमानानं पाऊस घटला नाही?" ते शेतकरी आहेत, नीट उत्तर देतील. "शेजारच्या शिवारात विमान गेलं नाही तिथं किती पडला ते सांग," असंच काहीसं म्हणतील. तेच तर मोजलंय. आणि तुमच्या यजमानांनाही हाच प्रश्न विचारा. "काय दिसलं तर तू थोतांड म्हणणं सोडशील?" त्यांनी १८ टक्के ऐकून लगेच दुसरी हरकत काढली, तर अप्पांना दोष द्यायला त्यांना जागा उरत नाही.

चिमणीचं प्रकरण वेगळं आहे. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली आणि जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं. या एका भांडणात तीन प्रश्न एकात एक गुंतलेत. चिमणीला रीतसर परवानगी होती का, याचं उत्तर कागदपत्रांत आहे. ती विमानाच्या वाटेत अडथळा होती का, याचं उत्तर मोजमापात आहे. आणि ती पाडायला हवी होती का? या तिसऱ्याचं उत्तर कुठल्याही कागदात नाही. कुणाला काय महत्त्वाचं वाटतं, यावर ते आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर जरूर वाद घाला, आकडे काढा. तिसऱ्यावर आकडे फेकून उपयोग नाही. तुम्ही वर्षातून एकदा येणार, अप्पांचा ऊस दर हंगामाला तोडणीला येतो. "अप्पा, तुमच्या जागी मी असतो तर मलाही चिमणी आधी दिसली असती" हे यजमानांनी एकदा मनापासून म्हणावं. आपल्याकडं शास्त्रार्थात पूर्वपक्ष आधी मांडायची रीत होती, समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीनं आधी मांडायचं आणि मगच खंडन करायचं. अप्पांनी "हां, मी हेच म्हणतोय" अशी मान डोलावल्याशिवाय यजमानांनी स्वतःचा मुद्दा काढायचाच नाही, असं ठरवून बघा.

आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेवर, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांवर, अक्षता सोहळ्यावर अप्पांशी वाद घालायचं काही कारण नाही. काठीला हात लावताना ते कसला दावा करत नाहीत. ज्याची कसोटी लावता येईल असं काही म्हटलेलंच नसेल तर पुरावा मागायचा कशाचा?

घरच्या ग्रुपवर चुकीचं काही आलं तर तिथं दुरुस्त करू नका. मामा, काकू, भाचे सगळ्यांच्या देखत अप्पांना खोटं पाडलंत, तर ते मत बदलणार नाहीत, ग्रुप सोडतील. वेगळा फोन करा. सोलापुरात तेव्हा जेवणाची वेळ नको आणि तुमची कामावरून दमून आल्याची वेळही नको.

राहिली पत्रिका. वेळ द्या. आजीला नातवाची पत्रिका हवीय, ती लाडानं जपून ठेवणार आहे, यात भांडण्यासारखं काही नाही. त्या पत्रिकेवरून कुणी निर्णय घ्यायला निघालं, पुढं कधी शाळा, औषधोपचार किंवा लग्न अडवायला लागलं, तर मात्र ठाम राहा. त्या वेळी सांगण्यासारखी गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यातून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या. कोणती पत्रिका हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं, हे आधीच जाहीर केलेलं होतं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, ती सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहणाऱ्या एका ज्योतिष संस्थेची १०२ बरोबर आली. ही चाचणी इतकी नेमकी का ठरली? कसोटी आधी ठरली होती म्हणून.

वेळ कळवताना एक करा. जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढं असतात. तुमचं बाळ त्याच्या आधी येईल असं दिसतंय, तेव्हा "ही उन्हाळी वेळ आहे" असं गावाच्या नावासोबत लिहून पाठवा.