वाड्यातल्या गौरी प्रथमच मांडताना

जुन्या वाड्यातील गौरींची जबाबदारी यंदा प्रथमच तुमच्याकडे आली असेल, तर सजावटीची खरेदी करण्याआधी वडीलधाऱ्यांकडून कुळाचार लिहून घ्यावा. कारण अनेक कोकणस्थ घरांत पाणवठ्यावरचे खडे, तर अन्यत्र मुखवटे किंवा तेरड्याची रोपे गौरी म्हणून पूजली जातात, आणि नैवेद्यही घरागणिक बदलतो. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर आणि विसर्जन मूळावर होते, त्यामुळे गतवर्षीची तारीख गृहीत न धरता पंचांग पाहावे. सागवानी खांब आणि तुळया असलेल्या घरात समई पितळी परातीत, पडद्यांपासून दूर ठेवावी. या बाबतीत मी फार हट्टी आहे. सोवळ्यात सवलत घेतली तरी चालेल, पण गौरी पूर्वापार ज्या दरवाजाने आत येतात, त्याची गंजलेली कडी आधीच दुरुस्त करून घ्यावी.