मर्फी अव्हेन्यूचे मर्फी कोण?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आले आहे. नातीला बाबागाडीत घालून रोज मर्फी अव्हेन्यूपर्यंत फिरून येते. इथल्या म्युझियममध्ये मर्फींचं जुनं घर पाहिलं, पण जावई म्हणतात ते नवं बांधलेलं आहे. हे मर्फी कोण? गावातलं पहिलं कुटुंब त्यांचंच का? – एक आजी, मूळच्या पुण्याच्या

उत्तर : आजी, जावई म्हणतात ते खरं आहे. तुम्ही पाहिलेली वास्तू २००८ सालची. मूळ घर १९६१ मध्ये पाडलं. मी या गावात बावीस वर्षं राहते आहे, तरी त्या घरासाठी माझा जीव अजून हळहळतो. मार्टिन मर्फी ज्युनियर यांनी १८५० च्या सुमारास इथली हजारो एकर जमीन घेतली आणि घराचं लाकूड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात, मापाबरहुकूम कापून घेतलं. पनामा कालवा तेव्हा नव्हता. ते सगळं जहाजात भरून दक्षिण अमेरिकेला, केप हॉर्नला, वळसा घालून इथे आणलं आणि जोडून उभं केलं. असं घर शंभर वर्षं टिकलं. पण १९५० मध्ये गावाची वस्ती दहा हजारांच्या आत होती, ती १९६० पर्यंत पन्नास हजारांपुढे गेली. त्या धांदलीत घर गेलं.

कुटुंब मूळचं आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातलं. आधी कॅनडा, मग मिसुरी, आणि १८४४ मध्ये बैलगाड्यांनी कॅलिफोर्निया. पन्नासेक माणसांचा तो तांडा. सिएरा नेवाडा डोंगरापार गाड्या नेणारा पहिला तांडा हाच. वाटेत बर्फाने गाठलं. बायकामुलं युबा नदीकाठी अडकली. धान्य संपल्यावर जनावरांची कातडी उकडून खाल्ली. त्याच मुक्कामावर मार्टिन आणि त्यांची बायको मेरी यांना मुलगी झाली. नाव ठेवलं एलिझाबेथ युबा. तुम्ही बाळंतपणालाच आला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते. पुढे ती टाफ घराण्यात दिली. मर्फी अव्हेन्यूच्या जवळचा टाफ स्ट्रीट तो हाच.

१८६० च्या दशकात मर्फींनी आपल्या जमिनीतून रेल्वेला वाट दिली आणि इथे थांबा मिळाला. आजची कॅलट्रेन त्याच मार्गाने धावते. गाव वाढलं ते त्या थांब्याभोवती.

पण पहिलं कुटुंब? नाही. हजारो वर्षं ही भूमी इथल्या मूळनिवासी ओलोनी लोकांची होती, आणि हे आधी सांगायला हवं. पाट्यांवर ते क्वचित दिसतं. मग १८४२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने हा भाग एस्त्रादा नावाच्या माणसाला इनाम दिला. इनामाच्या नावाचा अर्थ ‘मेंढ्यांचं कुरण’. तिथून तो कास्त्रोंकडे गेला आणि त्यांच्याकडून मर्फींनी मोठा हिस्सा घेतला. शेजारच्या माउंटन व्ह्यूमधला कास्त्रो स्ट्रीट त्याच घराण्याचा. ‘सनीव्हेल’ हे नावसुद्धा मर्फींनी दिलेलं नाही. जमीन विकणारे व्यावसायिक क्रॉसमन यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस मर्फींची दोनशे एकर जमीन घेऊन प्लॉट पाडले, १९०१ मध्ये हे नाव आलं आणि १९१२ मध्ये शहर झालं.

मूळ घराची जागा पाहायची असेल तर मर्फी अव्हेन्यूवरून शेजारच्या सनीव्हेल अव्हेन्यूला या आणि रूळ ओलांडून उत्तरेला चाला. बाबागाडी सहज जाते. पुढे मार्टिन मर्फी ज्युनियर पार्क लागेल. घर तिथेच उभं होतं.