बिनतारी शंकासमाधान : दुकानदाराचा हिशेब गच्चीचा, तुमचा डिकीचा

प्रश्न : मी इचलकरंजीला शाळेत विज्ञान शिकवते. २०१९ च्या महापुरात आमच्या घरातले मोबाइल मुके झाले होते, तेव्हापासून हॅमचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना काढायचं मनात होतं. यंदा तो हातात आला. आता आमच्या लहान हॅचबॅक गाडीत ५० वॉटचा, १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालणारा बिनतारी संच बसवते आहे. अँटेना छताच्या मागच्या कडेला, डिकीच्या वर. दुकानदार म्हणतात, संच आणि अँटेना जोडायला बोटाएवढी जाड एलएमआर-४०० केबलच घ्या, बारीक केबल पॉवर खाते. एक ज्येष्ठ हॅम सांगतात, केबल काहीही घ्या, पण ती बरोबर १८ फूटच हवी. आणि माझ्या भावाकडे डिशच्या केबलचं अर्धं बंडल पडून आहे, तो म्हणतो फुकट ने. कोणाचं ऐकू?

उत्तर : बाई, आधी सुतळीचं बंडल काढा. अँटेनेच्या जागेपासून डिकीच्या फटीतून आत, रबराच्या कडेने खाली, मागच्या सीटखालून थेट संचापर्यंत सुतळी घालून बघा. तुमच्या गाडीत ती चार-साडेचार मीटर भरेल. हातभर जास्त धरून पाच म्हणू.

आता या पाच मीटरचा हिशेब. पाच मिलिमीटर जाडीची साधी आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डीबी (डेसिबल, पॉवर घटल्याचं माप) खाते, म्हणजे पाच मीटरमागे एक डीबी. संचातून ५० वॉट निघाले तर अँटेनेला ४० पोचतात. एलएमआर-४०० लावलीत तर ४७ पोचतील. सात वॉटचा फरक ऐकायला मोठा वाटतो, पण तो आहे पाऊण डीबीचा, आणि समोरच्याच्या मीटरवर एक एस, म्हणजे सिग्नलच्या ताकदीची एक पायरी, हलायला सहा डीबी लागतात. तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला कोणती केबल लावली आहे ते शपथेवर सांगता यायचं नाही.

दुकानदार खोटं बोलत नाहीत. त्यांचा हिशेब गच्चीचा आहे. बंगल्याच्या टाकीवरून खालच्या खोलीपर्यंत ३० मीटर केबल उतरवली, तर आरजी-५८ सहा डीबी गिळते, म्हणजे बारा आणे पॉवर वाटेतच गेली. तिथे जाड केबलच हवी, पैसे मोजून घ्यावी.

गाडीत जाड केबल उलट नडते. मी सरकारी खात्यात असताना तीसेक वर्षं जीपगाड्यांवर बिनतारी संच बसवले. त्या काळात पॉवर कमी पडली म्हणून परत आलेली गाडी मला आठवत नाही. परत यायच्या त्या केबल दाराखाली चेपली म्हणून, सीटच्या पट्टीने कापली म्हणून, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलं म्हणून. एलएमआर-४०० दहा मिलिमीटर जाड. तिची मधली तार एकेरी, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, भोवती फोम. ती डिकीच्या फटीत बसत नाही. जबरदस्तीने बसवलीत तर रबर उचललं जातं आणि पावसाचं पाणी सरळ स्टेपनीच्या खड्ड्यात. वर तुम्ही भाजीची पिशवी ठेवायला दिवसातून चारदा डिकी आपटणार. एकाच जागी तीव्र वळण, त्यात उन्हात तापलेला पत्रा, की मऊ झालेल्या फोममधून मधली तार हळूहळू एका बाजूला सरकते. वरून केबल नवीकोरी दिसत राहते.

म्हणून माझं मत असं. बहुतेक बोलणं १४५ वरच असेल, तर चांगली आरजी-५८ घ्या, मात्र मधली तार बारीक तारा पिळून केलेली असलेली. एकेरी तारेचीही मिळते, ती गाडीत नको. ४३५ वर मनापासून काम करायचं असेल तर गोष्ट थोडी बदलते. तिथे पाच मीटर आरजी-५८ मधून ५० चे ३३ वॉट उरतात. सहा मिलिमीटरची एलएमआर-२४० घेतलीत तर ४१. एवढ्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही, पण हीही फोमचीच आणि एकेरी तारेची. फटीतून नेताना वळण मोठं ठेवा. काही जपानी माउंटना (अँटेना गाडीला धरून ठेवणाऱ्या बैठकींना) फटीपुरती वीतभर बारीक केबल आणि पुढे जाड केबल अशी सोय असते. ती ज्याने केली त्याने स्वतः गाडीत संच बसवला असणार.

विकत घेताना इंचभर सोलून बघा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे करायला कोणी अडवत नाही. अडवलं तर पुढचं दुकान. काळं आवरण काढल्यावर तारांची जाळी इतकी दाट हवी की खालचं पांढरं पॉलिथिन दिसता कामा नये. स्वस्त केबलमध्ये ही जाळी मच्छरदाणीसारखी असते. मधली तार नखाने खरवडा, खाली तांबडं दिसलं पाहिजे. खिशात छोटं चुंबक असू द्या. तार त्याला चिकटली तर ते पोलाद, केबल परत ठेवा.

खरी कसोटी कनेक्टरची. तुमच्या संचाला बहुतेक पीएल-२५९ नावाचा कनेक्टर लागेल, आणि आरजी-५८ साठी त्यात बसणारी बारीक बाही वेगळी मागून घ्यावी लागते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने त्यातला सोल्डरचा डाग नीट बसत नाही; पितळ तापेपर्यंत आतलं पॉलिथिन वितळून जातं. ६० वॉटचं तरी घ्या, टोक जाड असू द्या, आणि झटपट उरका. आणि हो, बाहेरची आट्यांची टोपी आधी केबलमध्ये ओवून ठेवा. इतकी वर्षं हे काम करूनही मी ती महिन्यातून एकदा विसरतो आणि घरात नको ते शब्द ऐकू येतात. डाग थंड झाला की मल्टिमीटर लावा: मधली तार आणि जाळी एकमेकींना लागता कामा नये. तो लावलेला असतानाच केबल हलवून बघा.

माउंटपाशी जोड उघडा राहत असेल तर त्याला आपसांत चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. खालून वर गुंडाळत जा, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. वर साधी पीव्हीसी टेप. केबल डिकीत शिरायच्या आधी खाली लोंबता वळसा सोडा, थेंब तिथून गळून पडतील.

१८ फुटांबद्दल. अँटेनेचा खरा एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून किती पॉवर परत फिरते ते सांगणारा आकडा; १ सर्वांत चांगला) केबलच्या लांबीने बदलत नाही. हातभर केबल कमी केली आणि आकडा खूपच बदलला, तर अँटेनेला गाडीच्या पत्र्याची नीट अर्थिंग मिळत नाही आणि जाळीच्या बाहेरून करंट धावतो आहे. डिकीच्या कडेला आवळायचं माउंट असेल तर त्याच्या खालच्या स्क्रूने रंग फोडून उघड्या पत्र्याला टेकायला हवं. नव्या गाडीचा रंग खरवडायला जीव होत नाही, ठाऊक आहे. दरवाजाच्या आत लपणारी जागा निवडा आणि गंजू नये म्हणून वर थोडं ग्रीस लावा.

डिशची केबल भावाला परत द्या. ती ५० ऐवजी ७५ ओहमची आहे, पण तो तिचा मोठा दोष नाही. त्याने संचापाशी एसडब्ल्यूआर सव्वादोनपर्यंत जाऊ शकतो, संच तेवढं बहुधा सोसतो. अडचण अशी की तिची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला डाग लागत नाही, आणि मधली ताठ तार गाडीच्या धक्क्यांत तुटते. गच्चीवर नुसतं ऐकायला अँटेना लावाल तेव्हा ती उपयोगी पडेल.

प्रश्न : मी सावंतवाडीचा. गाडीतल्या अँटेनेचा एसडब्ल्यूआर उन्हाळ्यात १.६ होता, आता पावसाळ्यात आपोआप १.२ झाला आहे. पण कुडाळचा मित्र म्हणतो, तुझा आवाज खोल गेलाय. मीटर बिघडला का?

उत्तर : मीटर ठीक आहे. केबलने पाणी प्यायलं आहे.

अँटेनेकडून परत फिरणारी लाटही त्याच केबलमधून येते. केबल खराब झाली की ती जाताना पॉवर खाते आणि येताना परतीची लाटही खाते. संचाजवळच्या मीटरला परत काहीच येताना दिसत नाही, तो खूश. पटत नसेल तर ३० मीटर आरजी-५८ चा गुंडाळा संचाला जोडा, दुसरं टोक मोकळं सोडा आणि ४३५ वर अगदी कमी पॉवरने क्षणभर बोलायचं बटण दाबून बघा. मीटर साधारण १.२ दाखवेल, टोकाला अँटेना नसताना.

माझ्या जुन्या मारुती ८०० वर हेच झालं होतं. आंबोलीच्या पावसात दोन महिने फिरलो, आकडा रोज सुधारत गेला आणि मी तो मित्रांना कौतुकाने सांगत सुटलो. शेवटी आमच्या एका मित्राने विचारलं, घाटात गेलास का? मी त्याच्या घराखाली उभा होतो.

अँटेनेच्या टोकाकडून फूटभर केबल कापा आणि आवरण सोला. जाळी काळपट किंवा हिरवी दिसली तर आणखी फूटभर कापा. लख्ख तांबं लागेल तिथे नवा कनेक्टर लावता येतो. माझ्या वेळी मी कापत कापत थेट संचापर्यंत पोचलो होतो.