सोन्याचा खिळा आणि वाळूच्या कणाएवढे दात

प्रश्न : डायनोसॉरची हाडे सर्वांच्या परिचयाची आहेत. मग भूवैज्ञानिक काळाच्या सीमा ठरवताना सूक्ष्म जीवाश्मांचा आधार का घेतात?

उत्तर : सीमा दाखवणारी जात थोडाच काळ जगलेली, दूरवर पसरलेली आणि विपुल असावी लागते. डायनोसॉरचे सांगाडे मोजके आणि विखुरलेले असल्यामुळे एका खंडातील थराची दुसऱ्या खंडातील थराशी सांगड घालताना त्यांची फारशी मदत होत नाही. याउलट कोनोडोंट हे ईलसारख्या लांबट शरीराचे समुद्री प्राणी होते. त्यांच्या मुखातील दातांसारखे फॉस्फेटचे अवयव टिकून राहिले असून ते बहुधा एक-दोन मिलिमीटरहूनही लहान असतात. चुनखडीचे काही किलो तुकडे सौम्य ॲसिटिक आम्लात ठेवले की खडक हळूहळू विरघळतो आणि दात तळाच्या गाळात उरतात. तो गाळ चाळणीवर धुऊन, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दात उचलावा लागतो. काम कंटाळवाणे खरे. पण खोल विंधनातून वर आलेल्या मनगटाएवढ्या जाडीच्या खडकातही हे दात मिळू शकतात, तिथे सांगाडा मिळण्याची आशा कोण धरणार?

प्रश्न : पर्मियन काळाच्या अखेरीस समुद्रातील बहुसंख्य जाती नष्ट झाल्या. तो विनाश हीच सीमा का मानली नाही?

उत्तर : कारण शेवट फसवा असतो. खडकात सापडलेला शेवटचा जीवाश्म हा त्या जातीचा खरोखर शेवटचा जीव असणे जवळजवळ अशक्य. विरळ जाती तर प्रत्यक्ष नामशेष होण्याच्या बऱ्याच आधी खडकातून दिसेनाशा होतात. शिवाय जुन्या खडकातून सुटलेले जीवाश्म नव्या गाळात मिसळले, तर संपलेली जात अजून जिवंत असल्याचा भास होतो. म्हणून एखाद्या जातीच्या प्रथम आढळाला पसंती दिली जाते, आणि तीही शक्यतो अशी जात की जिचा पूर्वज लगतच्या खालच्या थरांत सापडतो. नाहीतर ती तिथे उत्क्रांत झाली की दुसरीकडून स्थलांतर करून आली, हे कळत नाही.

चीनमधील झेजियांग प्रांतातील मेइशान येथे २००१ साली पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळाचा तळ, म्हणजे त्याच्या खडकांची सुरुवात, असाच निश्चित झाला. तेथील २७ क्रमांकाचा थर जेमतेम १६ सेंटिमीटर जाडीचा आहे. त्याचे चार भाग पाडून तिसऱ्याच्या तळाशी, जिथे हिंडिओडस पार्व्हस हा कोनोडोंट प्रथम आढळतो, तिथे सीमा ठरवली गेली. मुख्य विनाशाची खूण मात्र त्याच्या साधारण वीतभर खाली, २५ क्रमांकाच्या थरापाशी आहे. म्हणजे मधला वीतभर खडक नावाने पर्मियन, पण त्यातील जीवसृष्टी आधीच उजाड झालेली. मला यात वावगे वाटत नाही; सीमेचे काम इतर ठिकाणी ओळखता येण्याचे आहे, नाट्यमय असण्याचे नाही.

प्रश्न : सीमा ठरवणारा जीवाश्मच पुढे सीमेच्या खाली सापडला तर?

उत्तर : सापडलेला आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड येथे १९९२ साली कँब्रियन काळाचा तळ निश्चित झाला, तो ट्रेप्टिक्नस पेडम नावाच्या अश्मीभूत बिळांवरून. बीळ खणणाऱ्या प्राण्याचे शरीर तिथे मिळालेलेच नाही. पुढे तशीच बिळे सुमारे चार मीटर खाली आढळली, तरीही सीमा जागची हलली नाही. जीवाश्मामुळे बिंदू निवडला जातो हे खरे, परंतु एकदा मान्यता मिळाली की व्याख्या त्या खडकातील बिंदूची होते आणि जीवाश्म तो बिंदू अन्यत्र शोधण्याचे साधन उरतो. या बिंदूलाच ‘सोन्याचा खिळा’ म्हणतात. पहिला खिळा १९७२ साली आताच्या चेक प्रजासत्ताकातील क्लोंक येथे, डेव्होनियन काळाच्या तळाशी, ग्रॅप्टोलाइट या वसाहतीने राहणाऱ्या, आता नामशेष असलेल्या समुद्री प्राण्याच्या आधारे ठरला. अर्थात खूणच भरवशाची नसेल तर खिळ्याचा उपयोग घटतो. फ्रान्समधील ला सेर येथे कार्बॉनिफेरस काळाच्या सीमेचा कोनोडोंट खालच्या थरात सापडला, तेव्हा त्या सीमेचा फेरविचार सुरू करावा लागला.

प्रश्न : मेइशानच्या सीमेचे २५.१९ कोटी वर्षे हे वय जीवाश्मांवरून काढले आहे का?

उत्तर : नाही. जीवाश्मांवरून केवळ आधी-नंतरचा क्रम कळतो. ज्वालामुखीच्या राखेतील झिर्कॉन या खनिजाच्या स्फटिकांत युरेनियमचे शिशात रूपांतर किती झाले, यावरून वर्षे मोजतात. मेइशानला अशी राख २५ आणि २८ क्रमांकांच्या थरांत आहे, सीमेच्या खाली आणि वर. त्यामुळे सीमेचे वय थेट मोजलेले नसून या दोन मोजमापांच्या दरम्यान हिशेबाने काढलेले आहे.