रिपोर्ट नॉर्मल, मग नागीण कशी?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्यांच्याच पेशी वापरून बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं, त्याला सात महिने झाले. पांढऱ्या पेशी तिसऱ्या आठवड्यातच नॉर्मल आल्या, तरी गेल्या महिन्यात कमरेवर नागीण उठली. नात्यातल्या एकांनी ‘थायमस पुन्हा वाढवणाऱ्या’ कॅप्सूल सुचवल्यात. द्याव्यात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका देऊ. आधी मला सांगा, नागिणीचा विषाणू रोखणारी अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी चालू होती ना? ‘आता बऱ्या आहेत’ म्हणून घरचेच ती बंद करतात आणि नागीण डोकं काढते. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दबा धरून बसलेलाच असतो.

तुम्ही पाहिलेला आकडा मुख्यतः न्यूट्रोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. त्या पेशी मॅरोतून तयार होऊनच बाहेर पडतात, म्हणून लवकर सावरतात. नागिणीला दाबून ठेवणाऱ्या टी-पेशींना मात्र छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस नावाच्या तालमीतून जावं लागतं. तिथून शंभरातल्या पाचही धड बाहेर पडत नाहीत. आपल्याच शरीरावर उलटतील अशा पेशी तिथंच संपवल्या जातात. १९६१ मध्ये शास्त्रज्ञ जाक मिलर यांनी उंदरांवर थायमसचं हे महत्त्व दाखवलं, तोवर ही ग्रंथी बिनकामाचीच समजली जायची.

वयात आल्यापासून थायमस आक्रसतो, त्या जागी चरबी भरते. साठीला उरतो तो थोडका, त्यात केमोचा मोठा डोस. लहान मुलांत केमोनंतर तो इतका जोमानं वाढतो की सीटी स्कॅन पाहून गाठ परत आली की काय, अशी शंका येते. सासूबाईंच्या वयात तसं होत नाही. सीडी-४ या प्रकारच्या टी-पेशी सावरायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात.

थायमस वाढवण्याचे प्रयोग खोटे नाहीत. अमेरिकेतल्या एका चाचणीत ५१ ते ६५ वयाच्या ९ निरोगी पुरुषांना वर्षभर ग्रोथ हार्मोन, डीएचईए हे दुसरं हार्मोन आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले : बहुतेकांच्या थायमसमधली चरबी घटली. पण माणसं अवघी नऊ, तुलनेसाठी दुसरा गट नाही. शिवाय कॅन्सरच्या पेशंटला ग्रोथ हार्मोन? मी तरी देणार नाही. झिंकची खरोखर कमतरता असेल तर झिंकचा उपयोग होतो; नसेल तर मूठभर गोळ्यांनी मळमळ तेवढी वाढते.

त्यापेक्षा लसींचं वेळापत्रक मागून घ्या. लहानपणच्या लसींचं संरक्षण ट्रान्सप्लांटनंतर ओसरतं. न्यूमोकोकल, फ्लू यांसारख्या लसी साधारण सहा महिन्यांपासून पुन्हा देतात, म्हणजे तुमची वेळ आलीच आहे. नागिणीच्या नव्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्याबद्दलही विचारा. गोवर, कांजिण्यांच्या जिवंत लसी दोन वर्षं नकोत.

घरात तान्हं बाळ असेल तर पोलिओचे थेंब पाजण्याआधी बालरोगतज्ज्ञांना आजीच्या ट्रान्सप्लांटचं सांगा. त्या थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. इंजेक्शनच्या लसीत ती भानगड नाही. आणि लंगोट बदलायचं काम तूर्त आजीकडे नको, त्या कितीही हट्ट करोत.